नागपूरच्या गच्चीवरून अपोलोच्या सहा जागा: ६ इंची डॉब, कोणत्या रात्री, कुठून कुठे?

मनीषनगर_गच्ची

दुर्बीण ६ इंची डॉब (डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या तळपाटावरची आरशाची दुर्बीण). आरसा १५० मिमी, फोकल लेंग्थ १२०० मिमी. आयपीस २५ आणि १० मिमी, शिवाय पॉवर दुप्पट करणारी बार्लो भिंग. जागा म्हणजे चौथ्या मजल्यावरची उघडी स्लॅब; दक्षिण-पश्चिम मोकळी, उत्तरेला पाण्याची टाकी.

माणसं चंद्रावर जिथे उतरली त्या सहाही जागा बघायच्या आहेत. यान दिसणार नाही हे माहीत आहे, पण ‘इथे, या दोन विवरांच्या मधे’ असं बोट ठेवून सांगता यायला हवं. सध्या अडचणी अशा: पौर्णिमेला नकाशा घेऊन बसलं तर सगळं सपाट पांढरं दिसतं, विवरं ओळखूच येत नाहीत. चंद्र डोळ्याला टोचतो म्हणून पुढच्या झाकणातलं फक्त छोटं बूच काढून त्या भोकातून बघणं चालू आहे. बार्लो लावली की चित्र उकळत्या दुधासारखं हलतं. आणि नकाशात पूर्वेला असलेलं विवर आकाशात पूर्वेकडे शोधलं तर तिथे नसतंच.

कोणत्या रात्री कोणती जागा बघावी आणि सुरुवात कुठून करावी?

पंचांग_आणि_दुर्बीण

पौर्णिमा आधी डोक्यातून काढा. त्या रात्री सूर्य आपल्या पाठीशी असतो, चंद्रावर आपल्याला दिसतील अशा सावल्याच पडत नाहीत. कोजागिरीला दुधाबरोबर टायको विवराचे पांढरे पट्टे बघायला दुर्बीण लावा, उतरण्याच्या जागांसाठी नको. विवर, डोंगर, घळ दिसते ती सावलीमुळे, आणि सावली असते टर्मिनेटरजवळ, म्हणजे चंद्रावर जिथे नुकतं उजाडलंय तिथे.

टर्मिनेटर आज कुठे आहे हे भिंतीवरच्या कालनिर्णयावरून काढता येतं, ॲप लागत नाही. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यामधले १२ अंश. शुद्ध षष्ठी संपते तेव्हा दोघांत ७२ अंश असतात. हा आकडा ९० मधून वजा करा: १८ उरले, म्हणजे टर्मिनेटर चंद्राच्या १८ अंश पूर्व रेखांशावर. अष्टमी संपताना ९० वजा ९६, उणे ६, म्हणजे ६ अंश पश्चिम. इतकंच गणित.

आता जागांचे रेखांश, ढोबळ अंशांत. अपोलो १७: ३१ पूर्व. अपोलो ११: २३.५ पूर्व. अपोलो १६: १५.५ पूर्व. अपोलो १५: ३.६ पूर्व. अपोलो १४: १७.५ पश्चिम. अपोलो १२: २३.४ पश्चिम. टर्मिनेटर बरोबर जागेवर असेल तेव्हा तिथे अर्धा काळोखच असतो. त्यानंतर सूर्य साधारण १० अंश वर येऊ द्यायचा. त्याला जवळपास २० तास लागतात, कारण चंद्रावर सूर्य तासाला अर्धाच अंश चढतो. १० अंशांवर सावली उंचीच्या साडेपाच पटींहून थोडी लांब असते. अपोलोवाल्यांनीही उतरायची वेळ अशीच निवडली होती: खड्डे-खडक सावलीवरून कळावेत म्हणून. अपोलो ११ चं ‘ईगल’ उतरलं तेव्हा तिथे सूर्य जेमतेम ११ अंशांवर होता.

हे धरून तिथ्या लागतात त्या अशा:

शुद्ध षष्ठी – अपोलो १७
सप्तमी – अपोलो ११
सप्तमी संपताना किंवा अष्टमी – अपोलो १६
नवमी – अपोलो १५ (अष्टमीला का नको, ते कोणीतरी पुढे लिहीलच)
दशमी – अपोलो १४
एकादशी – अपोलो १२

आषाढी एकादशीला आपल्याकडे ढग असतात, कार्तिकीला मात्र आकाश धुतल्यासारखं असतं. अपोलो १२ उतरलं १९ नोव्हेंबर १९६९ ला, तेही दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात दशमी-एकादशीच्या आसपास. म्हणजे कार्तिकीला तुम्हाला दिसेल तो उजेड साधारण त्यांनी पाहिला तसाच.

एक फसगत नेहमी होते: कॅलेंडरवर चौकटीत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ‘षष्ठी’ लिहिलंय पण ती दुपारी २ ला संपत असेल, तर संध्याकाळी तुम्ही सप्तमीचा चंद्र बघताय. समाप्तीची वेळ वाचा.

एफ_८_वाला

भाऊ, ते छोटं बूच लावा परत आणि पूर्ण झाकण काढा! सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होऊन राहिलं.

दुर्बिणीचा बारकावा उघड्या तोंडावर ठरतो. १५० मिमी उघडं असेल तर ०.७७ विकलेपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक कळतो. चंद्रावर १ विकला म्हणजे सुमारे १.८६ किमी, तेव्हा १.४ किमी. बुचाचं भोक ५० मिमीचं धरलं तर तीच मर्यादा २.३ विकला, म्हणजे सव्वाचार किमीच्या वर. ६ इंचीचे पैसे देऊन २ इंचीतून बघणं झालं. चंद्राच्या उजेडाने डोळ्याला इजा होत नाही, दिपल्यासारखं होतं इतकंच. त्यावर उपाय म्हणजे पॉवर वाढवणं (चित्र आपोआप मंद होतं), गच्चीवरचा दिवा चालू ठेवणं, आणि अंधार पडायच्या आधीच सुरू करणं. षष्ठी-सप्तमीला सूर्य मावळतानाच चंद्र वर असतो. संधिप्रकाशात निळसर आकाशावर चंद्र अजिबात टोचत नाही आणि बारकावेही चांगले दिसतात.

आता उकळणं. १० मिमीला बार्लो म्हणजे २४० पट. नागपुरात तेवढी पॉवर वर्षातून मोजक्या रात्री चालते. ७ किंवा ८ मिमीचा एक बरा आयपीस घ्या, १५० ते १७० पट मिळते. या धाग्यातलं जवळपास सगळं तेवढ्यात होतं. स्वस्त बार्लो कपाटात राहू द्या.

पण खरा गुन्हेगार स्लॅब आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री ११ पर्यंत वाफा सोडत असतं, आणि सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतोही. म्हणजे स्लॅब थंड व्हायची वाट बघायला वेळच नसतो. जमलं तर खाली गवतावर किंवा मातीच्या मोकळ्या मैदानात दुर्बीण लावा. चंद्राला काळोख लागत नाही, रामटेक-खिंडसीपर्यंत जायची गरज नाही. शहरातलं गवत गावाबाहेरच्या डांबरापेक्षा बरं.

गच्चीच वापरायची असेल तर चंद्र कोणाच्या छतावरून दिसतोय ते बघा. शेजारच्या कूलरचं तोंड, एसीचं बाहेरचं युनिट, पत्र्याची शेड यांच्यावरून जाणारी नजर म्हणजे गरम हवेच्या झऱ्यातून बघणं. दुर्बीण १० फूट सरकवली तरी फरक पडतो.

आरशाचं तापमान ही तिसरी गोष्ट. थंडीत दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा. उन्हाळ्यात उलटं होतं: एसीच्या खोलीतला २५ अंशांचा आरसा ३६ अंशांत आणला की तोही तासभर चित्र बिघडवतो. पावसाळा सरताना, हवा दमट असते तेव्हा, एसीतून थेट बाहेर आणली की आरशावर दव धरतं. पुसू नका, अॅल्युमिनियमच्या थरावर ओरखडे येतात. दोन्ही झाकणं लावून बाहेरच्या हवेत आधी येऊ द्या, मग उघडा.

कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का, ते तपासायला ध्रुवतारा सोयीचा, जागचा हलत नाही. पण नागपुरातून तो फक्त २१ अंश वर आहे, आणि तुमच्याकडे उत्तरेला टाकी. तेव्हा डोक्यावरचा एखादा मध्यम तारा घ्या, १२० पटीला मध्यभागी आणा, फोकस किंचित बिघडवा. गोल कड्या एककेंद्री दिसल्या तर ठीक. कड्या एका बाजूला झुकल्या असतील तर आधी आरशामागचे तीन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा, आणि दर वेळी तारा पुन्हा मध्यभागी आणा, नाही तं चुकीचंच वाचून राहाल.

मनीषनगर_गच्ची

झाकण काढलं. दोन शंका. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारलं तर चालेल का? आणि वद्य पक्षात काही बघता येतं का, की सगळं शुद्धातच?

एफ_८_वाला

पाणी चालतं, पण सूर्य कलल्यावर लगेच मारा आणि दुर्बीण मांडायच्या दीड तास आधी थांबा. बघताना स्लॅब कोरडी पाहिजे. ओली स्लॅब वाफ सोडत असते, आणि दमटपणाने आयपीसवर धुकं येतं. कठड्याच्या भिंतीवर आणि टाकीखालच्या ओट्यावरही मारा, लोक फक्त जमीन भिजवतात.

पंचांग_आणि_दुर्बीण

वद्यातही चालतं, आणि तिथीचा आकडा तोच राहतो, ही गंमत. शुद्ध पंचमी संपताना ३० पूर्वेला सकाळ होते, वद्य पंचमी संपताना तिथेच संध्याकाळ. फक्त सूर्य मावळायच्या आधी बघायचं, म्हणून साधारण २० तास आधी या. अपोलो १७ आणि ११ दोन्ही वद्य पंचमीला जमतात, संकष्टीच्या दुसऱ्या रात्री. चंद्र दहाच्या आगेमागे उगवतो, ३० अंश वर यायला मध्यरात्र होते. तोवर स्लॅबही निवलेली असते. उन्हाळ्यात मला शुद्धापेक्षा वद्यच पटतं. सावल्या उलट्या दिशेने पडतात, त्यामुळे तीच जागा वेगळी वाटते. पहिल्या वेळी गोंधळ होईल.

मारे_ते_मोन्स

वाटा सांगते. त्याआधी दिशा, कारण चौथी अडचण तिथली आहे.

चंद्राची पूर्व आणि आकाशाची पूर्व उलट आहेत. १९६१ पासून नकाशांत पूर्व-पश्चिम चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाची धरतात. लक्षात ठेवायला सोपं: शुद्ध पक्षात उजळलेली बाजू ती चंद्राची पूर्व. १९६१ आधीचे जुने नकाशे याच्या उलट आहेत, ते टाळा. डॉबमध्ये चित्र १८० अंश फिरतं, आरशातल्यासारखं उलटत नाही. म्हणून साधा नकाशा डोकं खाली करून धरा आणि टर्मिनेटर जुळेपर्यंत फिरवा. नव्वद अंशी डायगोनल असलेल्या दुर्बिणींसाठी उजवं-डावं उलटलेले नकाशे मिळतात, ते तुमच्या कामाचे नाहीत.

अपोलो ११. सप्तमीला टर्मिनेटरच्या जरा आत तीन मोठी विवरं एकाला एक चिकटून दिसतात: थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना. सगळ्यात उत्तरेचं, मधे शिखर असलेलं, सुमारे १०० किमीचं ते थिओफिलस. तिथून उत्तरेकडे जा, शांतिसागराचा म्हणजे मारे ट्रँक्विलिटाटिसचा दक्षिण काठ लागतो. काठाच्या पश्चिम टोकाला ३० किमीच्या आसपासची जुळी विवरं आहेत, रिटर आणि सबाइन. इथवर ४८ पटीला या, मग आयपीस बदला.

सबाइनपासून चंद्राच्या पूर्वेकडे सरळ रेषेत तीन बारीक खड्डे आहेत: आल्ड्रिन ३.४ किमी, कॉलिन्स २.४, आर्मस्ट्राँग ४.६. आर्मस्ट्राँग ६ इंचीत जमतो, एका कडेला उजेडाची कोर आणि दुसऱ्या कडेला शाईचा थेंब असा. आल्ड्रिन स्थिर हवेत. कॉलिन्स म्हणजे सव्वा विकला. तो कधी क्षणभर येतो आणि जातो. या रेषेच्या दक्षिणेला मोल्टके नावाचं ६ किमीचं, कडा लख्ख असलेलं विवर आहे, ते कॉलिन्सपेक्षा कितीतरी सोपं. कॉलिन्सपासून मोल्टकेकडे निघालात की पहिल्या एक-तृतीयांशावर, साधारण २० किमीवर, ती जागा. भारतात २१ जुलै १९६९ च्या पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटं झाली होती. चंद्र षष्ठी-सप्तमीचा होता, आणि आपल्याकडे केव्हाच मावळला होता.

अपोलो १७. ही वाट सगळ्यात सोपी आणि फारशी कोणी सांगत नाही. मारे सेरेनिटाटिस आणि ट्रँक्विलिटाटिस जिथे भेटतात तिथे ४३ किमीचं प्लिनियस आहे. त्याच्या ईशान्येला १८ किमीचं डॉज. प्लिनियस ते डॉज जेवढं अंतर, त्याच्या दीडपटीहून जरा जास्त त्याच रेषेत पुढे जा. डोंगरांच्या मधली चिंचोळी दरी लागते, टॉरस-लिट्रो. दरी सुमारे ७ किमी रुंद, दोन्ही बाजूंना २ किमीवर उंचीचे डोंगर; षष्ठीला त्यांच्या सावल्या दरीत लोळतात. डिसेंबर १९७२ मध्ये इथून निघालेले सर्नन आणि श्मिट हे अपोलोच्या बारा जणांतले शेवटचे दोघे.

अपोलो १५. यावर वेळ घालवा, दिसायला हीच सगळ्यात देखणी. मारे इंब्रियमच्या पूर्वेला आर्किमिडीज, ऑटोलिकस, ॲरिस्टिलस हे त्रिकूट शोधा. ऑटोलिकसहून दक्षिणेला ॲपेनाइन डोंगररांगेच्या पायथ्याशी या. तिथे मोन्स हॅडली, पायथ्यापासून सुमारे साडेचार किमी उंच. अष्टमीला, सूर्य १० अंशांवर यायच्या आधी, याची सावली २५ किमीहून लांब पश्चिमेला पडते आणि हॅडली घळीचा भागच झाकते. म्हणून नवमी. घळ दीड किमी रुंद म्हणजे ०.८ विकला, तुमच्या दुर्बिणीच्या अगदी काठावर. पण लांब रेघ असेल तर डोळ्याला मर्यादेच्या खालचंही कळतं, टेलिफोनची तार दूरवरून दिसते तसं. आधी घळीशेजारचं हॅडली सी हे ६ किमीचं विवर पकडा, मग त्याच्या कडेने सरकणारी काळी दोरी शोधा. सलग नाही दिसणार, तुकड्यातुकड्याने दिसेल. स्कॉट आणि अर्विन जुलै १९७१ मध्ये या घळीच्या काठापर्यंत गाडी घेऊन गेले होते. माणसांनी चंद्रावर बसून चालवलेली ती पहिली गाडी.

अपोलो १६. खूण म्हणावी असं काही नाही. ११ किमीचं डोलंड विवर शोधा आणि तिथून ईशान्येला ५० किमीच्या आसपास. खडबडीत उजळ पठार, बस. ज्वालामुखीने घडलेलं असेल म्हणून ही जागा निवडली होती, आणि हाती आले ते उल्कांच्या आघाताने कुटून-चिकटून झालेले दगड.

अपोलो १४ आणि १२. दशमीला फ्रा मौरो हे १०० किमीच्या घरातलं झिजलेलं, अर्धं बुजलेलं विवर दिसतं. दक्षिणेला पॅरी आणि बॉनप्लांड त्याला चिकटून आहेत. फ्रा मौरोच्या मध्यापासून उत्तरेला ७५ किमी, कड्याच्या बाहेर, ती १४ ची जागा. १३ चं ठरलेलं ठिकाणही याच भागात होतं. एप्रिल १९७० मध्ये वाटेतच प्राणवायूची टाकी फुटली आणि ते तिघं चंद्राला वळसा घालून परतले. १२ साठी एकादशीला ३९ किमीचं लान्सबर्ग घ्या, आग्नेयेला १२५ किमीच्या आसपास. सपाट सागर आहे, अंदाजावरच समाधान मानावं लागतं. तिथे आधीपासून उभ्या असलेल्या सर्वेयर ३ या मानवरहित यानापासून दोनशे मीटरच्या आत त्यांनी यान उतरवलं होतं.

लिब्रेशन_विसरू_नका

वरचं तिथीचं गणित आवडलं, पण त्यात एक भोक आहे. चंद्र आपल्याकडे अगदी एकच तोंड ठेवत नाही, पूर्व-पश्चिम जवळपास ८ अंशांपर्यंत डुलतो. तिथी पृथ्वीवरून मोजलेली, रेखांश चंद्रावरचे. त्यामुळे टर्मिनेटर गणितापेक्षा तेवढा इकडे-तिकडे निघू शकतो. वेळेत म्हणाल तर वाईटात वाईट १६ तास. म्हणून एकच रात्र धरून बसू नका, सांगितलेली तिथी आणि तिच्या आधीची-नंतरची मिळून तीन संध्याकाळी ठेवा.

नवीन_सभासद_१७

त्या लोकांनी आरसे ठेवलेत ना तिथे? हिरवा लेझर मारला तर उजेड परत येईल का?

लिब्रेशन_विसरू_नका

नाही. परावर्तक आहेत: ११ आणि १४ च्या जागी प्रत्येकी १००, १५ च्या जागी ३०० कोपरे-आरसे. न्यू मेक्सिकोत ३.५ मीटरच्या दुर्बिणीतून शक्तिशाली लेझरचे झटके सोडतात, तेव्हा एका झटक्यामागे सरासरी एखादा फोटॉन परत येतो, अडीच सेकंदांनी. हातातल्या लेझरचं काय होणार ते उघड आहे. आणि मनीषनगरात तर अजिबात नको, विमानतळ शेजारी आहे. वैमानिकाच्या डोळ्यावर गेला तर गंभीर प्रकरण होतं.

मनीषनगर_गच्ची

आणि यान दिसायला किती मोठी दुर्बीण लागेल? घरी कोणी ना कोणी विचारतंच.

एफ_८_वाला

मागे राहिलेला खालचा भाग पायांसकट ९.४ मीटर. पृथ्वीवरून तो ०.००५ विकला. तेवढं ओळखायला २३ मीटरचा आरसा हवा, तोही हवा नसलेल्या जागी, आणि तरी ठिपकाच. हबलचा २.४ मीटरचा आरसा चंद्रावर ९० मीटरच्या खाली जात नाही. फोटो आहेत ते जवळून काढलेले: २००९ ला गेलेल्या, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाचे, आणि आपल्या चांद्रयान-२ च्या ओएचआरसी कॅमेऱ्याचे.

मारे_ते_मोन्स

मनीषनगरवाले दादा, एक राहिलं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सप्तमी-अष्टमीचा चंद्र नागपुरात संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर येतो. हवेसाठी उत्तम, पण डॉब तिथे अडखळतो: नळी उभी झाली की आडवं फिरवायला पकडच राहत नाही. सूर्यास्तानंतर दोनेक तास जाऊ द्या, चंद्र ६० अंशांवर आला की सुरू करा. २४० पटीला चंद्र आयपीसमधून ५० सेकंदांत निघून जातो. म्हणून विवर मध्यभागी आणू नका. ज्या कडेने आत येतं तिथे आणून सोडा, हात काढा, थरथर थांबू द्या आणि मग बघा. तळपाटाखाली रबरी मॅटचे तीन तुकडे ठेवले तर थरथर लवकर बसते. मोबाईलवर घ्यायचं असेल तर अडॅप्टर लावून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि याच सरकण्यात मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. ऑटोस्टाकर्ट या फ्रेम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम १० टक्के फ्रेम निवडल्या की आल्ड्रिन सहसा त्यात सापडतो, डोळ्याने सुटला असेल तरी.